सात मीटरची नळी : अतिदक्षता विभागातून परतलेल्या एका रुग्णाच्या ऑक्सिजनचे प्रकरण

२०२४ सालच्या अनंत चतुर्दशीनंतरच्या आठवड्यात इंदूरच्या सुदामा नगरातून एक कुटुंब माझ्याकडे आले. ६२ वर्षांचे काका, त्यांच्या पत्नी आणि शाळेत शिकवणारी त्यांची मुलगी समोर बसली होती. पुण्यात नोकरी करणारा मुलगा फोनवर होता. काकांच्या नाकात ऑक्सिजनची नळी होती आणि मुलीने छोटा सिलिंडर खांद्याला अडकवून आणला होता. फुप्फुसांच्या तीव्र आजारातून वाचून काकांना घरी येऊन सात महिने झाले होते आणि कुटुंबाचा पहिला प्रश्न असा होता की, हा ऑक्सिजन आता जन्मभर लावावा लागणार का. मी छातीविकारांचा डॉक्टर आहे. काकांच्या अतिदक्षता विभागातील उपचारांशी माझा संबंध नव्हता, त्यामुळे तिथला भाग मी कागदपत्रांवरून आणि घरच्यांनी सांगितल्यावरून लिहितो आहे. रुग्ण आणि कुटुंबीय यांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील वगळून ही नोंद केली आहे.

जानेवारी २०२४ मध्ये काकांना चार दिवस ताप आणि खोकला होता. पाचव्या दिवशी धाप लागली म्हणून त्यांना घराजवळच्या एका लहान नर्सिंग होममध्ये नेले. तिथे तोंडावर मास्क लावून ऑक्सिजन दिला, तरी बोटावरच्या यंत्रात रक्तातल्या ऑक्सिजनचे प्रमाण ८४ ते ८६ टक्क्यांवरच राहिले, आणि मोठ्या रुग्णालयात हलवेपर्यंत सुमारे पाच तास गेले. तिथे इन्फ्लुएन्झा ए विषाणूमुळे झालेला दोन्ही फुप्फुसांचा न्यूमोनिया आणि त्यातून उद्भवलेला एआरडीएस, म्हणजे फुप्फुसांच्या सूक्ष्म वायुकोशांत पाणी आणि दाह भरून ती निकामी होण्याची अवस्था, असे निदान झाले. चौदा दिवस व्हेंटिलेटर, त्यातले काही दिवस पालथे झोपवून उपचार, एकूण तेवीस दिवस अतिदक्षता विभागात मुक्काम. भरती होताना ७१ किलो असलेले वजन घरी जाताना ५७ किलो झाले होते. डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या यादीनंतर एक ओळ होती: ‘ऑक्सिजन दोन लिटर, चालू ठेवावा.’ किती दिवस, कोणत्या प्रमाणाला थांबवावा, पुन्हा तपासणी कोणी आणि केव्हा करावी, यातले काहीच त्या ओळीत नव्हते, आणि माझ्या मते पुढच्या सात महिन्यांतले बरेचसे त्या एका अपुऱ्या ओळीतून घडले.

घरी मिनिटाला पाच लिटर क्षमतेचे कॉन्सन्ट्रेटर विकत आणले गेले. हे यंत्र हवेतला नायट्रोजन झिओलाइट या सच्छिद्र खनिजाच्या कणांत अडकवून सुमारे ९३ टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन देते आणि साधारण साडेतीनशे वॅट वीज घेते. रोज वीस तास चालवले, तर महिन्याला दोनशे युनिटांच्या वर जाते. खर्चाची तक्रार कुटुंबाने एकदाही केली नाही. यंत्राबरोबर आलेली नळी सात मीटरची होती. ती पलंगापासून न्हाणीघरापर्यंत आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत पोचत असे. बाहेरच्या ओट्यापर्यंत पोचत नसे. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण आसपासची आग झपाट्याने भडकवतो, असे काकूंना कोणीतरी सांगितले होते, आणि ते खरेच आहे. देवघर त्याच खोलीत असल्यामुळे सात महिने तिथे निरांजन लागले नव्हते. गणपतीची आरती घरच्यांनी ओट्यावर केली आणि काकांनी ती आतून, पलंगावर बसून म्हटली. एकोणीस वर्षे वसाहतीच्या गणेशोत्सवाचा जमाखर्च त्यांनी लिहिला होता. त्या वर्षी तो दुसऱ्याने लिहिला.

काकूंनी पिशवीतून एक वही काढली. इंदूरच्या मराठी घरांत वहीला सर्रास ‘कॉपी’ म्हणतात, त्याही कॉपीच म्हणाल्या. तिच्यात फेब्रुवारीपासून रोज चार वेळा घेतलेल्या ऑक्सिजनच्या आणि नाडीच्या नोंदी होत्या, आठशेच्या वर, स्वच्छ अक्षरात आणि एकही दिवस न चुकवता. जवळजवळ सगळ्या नोंदी ९७ ते ९९ टक्क्यांच्या दरम्यान होत्या. मी विचारले की, यातली एखादी नोंद नळी काढून घेतलेली आहे का. काकू म्हणाल्या, “अहो डॉक्टर, काढली आणि ह्यांना काही झालं तर?” म्हणजे सात महिन्यांत, आठशे नोंदींत, ऑक्सिजनविना काकांचे प्रमाण किती राहते हे एकदाही कोणी पाहिलेले नव्हते. यात काकूंची चूक नाही, कारण तसे करून पाहा असे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. रक्तातल्या ऑक्सिजनचा आलेख वरच्या टोकाला सपाट असतो. धमनीतल्या ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या ६० मिलिमीटरच्या आसपास असेल तर बोटावरचे यंत्र सुमारे ९० दाखवते. पण दाब १०० असो वा २००, ते ९८ ते १०० या आकड्यांतच राहते. ऑक्सिजन लावलेला असताना दिसलेल्या ९८ या आकड्यावरून ऑक्सिजनची गरज आहे की नाही, हे कळत नाही.

कुटुंबाचा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा अवघड होता, आणि तो विचारताना खोलीतले वातावरण ताणलेले होते. काकांना आता आठवत नसे. औषध घेतले की नाही हे ते दोनदा विचारत; ज्यांनी आयुष्यभर एका सरकारी खात्याच्या लेखा शाखेत काम केले, त्यांना किराण्याच्या यादीची बेरीज जमत नव्हती. मराठीतून घेतलेल्या मोका या स्मृती आणि विचारशक्ती तपासणाऱ्या चाचणीत त्यांना ३० पैकी २१ गुण मिळाले. या विस्मरणाचे कारण मुलाच्या आणि मुलीच्या मते परस्परविरुद्ध होते. मुलाने अतिदक्षता विभागातल्या रक्तवायूंच्या तपासण्यांचे कागद नीट लावून ठेवले होते. पहिल्या दोन दिवसांत धमनीतला ऑक्सिजनचा दाब १८० ते २१० मिलिमीटर होता, म्हणजे गरजेपेक्षा बराच जास्त, आणि जादा ऑक्सिजनाने पेशींना इजा होते हे त्याने वाचले होते. मुलीचे म्हणणे असे की, नर्सिंग होममधल्या त्या पाच तासांत मेंदूला ऑक्सिजन कमी पडला आणि दुसरीकडे न्यायला उशीर झाला तो आपल्यामुळे. भावाचा राग रुग्णालयावर होता, बहिणीचा स्वतःवर. मधे बसलेले काका खाली पाहत होते.

मला दोघांचेही म्हणणे उडवून लावता येत नव्हते, कारण दोघांच्याही बोलण्याला आधार आहे. दीर्घ काळ जास्त प्रमाणात दिलेला ऑक्सिजन फुप्फुसांना सुजवतो, हे १८९९ मध्येच जेम्स लॉरेन स्मिथ यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दाखवले होते. २०१६ मध्ये इटलीतल्या मोदेना येथील एका अतिदक्षता विभागाच्या चाचणीत ऑक्सिजन बेताने दिलेल्या गटात तिथले मृत्यू ११.६ टक्के, तर नेहमीप्रमाणे सढळ हाताने दिलेल्या गटात २०.२ टक्के होते. ती चाचणी वेळेआधी थांबवावी लागली होती, त्यामुळे तिच्यावर किती भिस्त ठेवावी याला मर्यादा आहे. मुलीच्या बाजूनेही पुरावा आहे: २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात एआरडीएसमधून वाचलेल्यांपैकी ज्यांची बुद्धी वर्षभरानंतरही मंदावलेली होती, त्यांचा आजारपणातला ऑक्सिजनचा दाब इतरांपेक्षा कमी आढळला होता, साधारण ८६ ऐवजी ७१. फ्रान्समधल्या लोको-टू चाचणीत दाब मुद्दाम ५५ ते ७० ठेवलेल्या गटात ९० दिवसांतले मृत्यू जास्त होऊ लागले आणि आतड्यांचा रक्तपुरवठा खंडित होण्याचे पाच प्रसंग घडले. तीही थांबवावी लागली.

पण लहान चाचण्यांतून उठलेले हे दोन्ही सूर मोठ्या चाचण्यांत विरत गेले. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या एक हजार रुग्णांच्या आयसीयू-रॉक्स चाचणीत १८० दिवसांनी केवळ मृत्यूच नव्हे, तर जगण्याची प्रत आणि बुद्धीची स्थितीही विचारली गेली. ऑक्सिजन बेताने आणि नेहमीप्रमाणे दिलेल्या दोन गटांत ठळक फरक मिळाला नाही. हॉट-आयसीयू या २,९२८ रुग्णांच्या युरोपीय चाचणीत एका गटाचा दाब ६० आणि दुसऱ्याचा ९० धरला होता; ९० दिवसांतले मृत्यू ४२.९ आणि ४२.४ टक्के, आणि वर्षभरानंतरचे जीवनमानही सारखेच. त्या भेटीनंतर, २०२५ मध्ये, ब्रिटनमधल्या साडेसोळा हजार रुग्णांच्या यूके-रॉक्स चाचणीनेही हाच कौल दिला. त्या भेटीत आधीच्या चाचण्यांविषयी सांगताना मी मुलाला मुद्दाम एक गोष्ट स्पष्ट केली. या चाचण्या दोन नियंत्रित पातळ्यांची तुलना करतात. २०० चा दाब निष्काळजीपणे चालू देणे निर्दोष आहे, असे त्या म्हणत नाहीत. मी तिथे असतो तर ऑक्सिजन पहिल्याच रात्री कमी केला असता. मात्र त्या दोन दिवसांनी किंवा त्या पाच तासांनी काकांची स्मृती नेली, असे एका माणसाच्या बाबतीत सांगण्याचे कोणतेही साधन माझ्याजवळ नाही, आणि तसे सांगितले असते तर एका भावंडाच्या हाती मी दुसऱ्याविरुद्ध शस्त्र दिले असते.

माझे लक्ष त्या कागदांतल्या दुसऱ्याच एका नोंदीकडे गेले. नऊ दिवस परिचारिकांच्या तक्त्यावर ‘भ्रमावस्था’ असे लिहिलेले होते, आणि त्यापुढे ‘असंबद्ध बोलतो’, ‘हात बांधले’. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रेन-आयसीयू या ८२१ रुग्णांच्या अभ्यासात तीन महिन्यांनंतर ४० टक्के रुग्णांची बुद्धी मेंदूला मध्यम इजा झालेल्या माणसाइतकी मंदावलेली दिसली आणि भ्रमावस्था जितकी लांबली तितकी ती अधिक मंदावली. मी मुलीला त्या दिवसांबद्दल विचारले. तिला रोज दहा मिनिटे आत सोडत. ती म्हणाली की, बाबा तेव्हा फक्त मराठीत बोलत. चाळीस वर्षे ऑफिसात हिंदी बोललेल्या माणसाला हिंदी सुचतच नव्हती. ते चष्मा मागत होते आणि “माझी कानाची मशीन कुठंय” असे विचारत होते. तिथल्या कोणालाही मराठी कळत नव्हते, म्हणून ते असंबद्ध ठरले. चष्मा आणि श्रवणयंत्र घरी कपाटात होते. हे ऐकून मला फार वाईट वाटले. इंदुरात मराठी ही परकी भाषा नाही. दहा मिनिटांऐवजी तास-दोन तास घरचे माणूस उशाशी बसू दिले असते, तर भ्रमावस्था टळली असती असे मी म्हणणार नाही, पण चष्मा नक्की मिळाला असता.

मग तपासण्या झाल्या. काकांना शांत बसवून, नळी काढून तीस मिनिटे थांबलो. काकूंनी यंत्र त्यांच्या बोटाला स्वतःच लावले आणि डोळे त्या आकड्यावरून हलवले नाहीत. ९८, ९६, मग ९५, आणि तिथेच स्थिर. बोटावरचे यंत्र सावळ्या त्वचेत प्रत्यक्षापेक्षा थोडे जास्त दाखवू शकते, म्हणून धमनीतले रक्तही तपासले. दाब ७६ आला. प्रयोगशाळेच्या छापील कागदावर ‘८० ते १००’ असा सामान्य पल्ला होता आणि ७६ पुढे कमी असल्याची खूण होती. संध्याकाळी मुलाचा घाबरून फोन आला. तो छापील पल्ला समुद्रसपाटीवरच्या तरुण माणसाचा आहे. इंदूर साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, इथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा टक्के कमी असतो, आणि वय वाढते तसा धमनीतला ऑक्सिजन थोडा उतरतो. हा सगळा हिशेब मांडला तर साठी ओलांडलेल्या निरोगी इंदूरकराचा दाबही सत्तरीच्या घरातच येतो. “पुण्याची उंचीही जवळपास तेवढीच आहे,” असे सांगितल्यावर मुलगा थोडा निवळला.

मात्र चित्र पूर्ण निर्मळ नव्हते. सहा मिनिटांच्या चालण्याच्या चाचणीत काका २३० मीटरच चालले आणि पाचव्या मिनिटाला प्रमाण ८७ वर आले. वायू फुप्फुसांतून रक्तात किती सहज उतरतो हे मोजणाऱ्या डीएलसीओ चाचणीत अपेक्षेच्या ५६ टक्केच मिळाले. सीटी स्कॅनमध्ये पुढच्या बाजूला काही व्रणांच्या रेषा होत्या. सर्वांत उठून दिसले ते पाय: मांड्या काड्यांसारख्या झाल्या होत्या आणि खुर्चीतून हात न टेकवता त्यांना उठता येत नव्हते. टोरंटोच्या मार्गारेट हेरिज यांनी २००३ मध्ये एआरडीएसमधून वाचलेल्या १०९ रुग्णांचा वर्षभराचा पाठपुरावा प्रसिद्ध केला, तेव्हा अतिदक्षता विभागातून बाहेर पडताना त्यांचे वजन सरासरी १८ टक्के घटलेले होते. फुप्फुसे बरीच सावरली, पण स्नायूंची दुर्बलता राहिली. पाच वर्षांनंतरही त्यांचे चालणे अपेक्षेच्या तीन-चतुर्थांशच होते. काकांचे वजन वीस टक्के घटले होते, आणि त्यानंतर सात महिने ते सात मीटरच्या आत राहिले होते.

घरी दीर्घकाळ ऑक्सिजन देण्याचा आधार १९८० आणि १९८१ मधल्या दोन चाचण्यांत आहे. त्या दोन्ही बहुधा धूम्रपानातून होणाऱ्या जुनाट फुप्फुसरोगाच्या, म्हणजे सीओपीडीच्या रुग्णांच्या होत्या, आणि त्यांत विश्रांतीच्या वेळी दाब ५५ च्या आसपास किंवा त्याहून कमी असलेल्यांचेच आयुष्य वाढले. त्याच रोगात विश्रांतीला थोडीच घट किंवा फक्त चालताना घट होणाऱ्या ७३८ रुग्णांना ऑक्सिजन देऊन पाहिले, तेव्हा २०१६ मध्ये काहीच फायदा दिसला नाही. एआरडीएसमधून उठलेले फुप्फुस म्हणजे सीओपीडी नव्हे, म्हणून ते निष्कर्ष मी जसेच्या तसे काकांना लावणार नाही. पण ७६ च्या दाबाला पलंगावर बसून दिवसाचे वीस तास ऑक्सिजन घेण्याला कोणताही आधार मला सापडला नाही. रुग्णालयातून घरी पाठवताना लिहिलेल्या ऑक्सिजनाचा तीन महिन्यांच्या आत पुन्हा विचार करावा, ही अपेक्षा आता सर्वत्र मान्य आहे. इथे सात महिने तो विचार करणे कोणाच्याच वाट्याला आले नाही.

एका रात्रीची झोपेतली नोंद घेऊन ती समाधानकारक असल्याची खात्री केल्यावर आम्ही ठरवले की, बसताना आणि झोपताना नळी नको; फिजिओथेरपीच्या व्यायामापुरता दोन लिटर ऑक्सिजन, तोही प्रमाण ८८ च्या खाली गेले तर. कागदावर हे सोपे दिसते. पहिल्या रात्री काकूंनी तीन वेळा उठून बोटाला यंत्र लावले. चौथ्या दिवशी काकांना धाप लागली, प्रमाण ९५ होते, तरी त्यांनी नळी मागितली. ती भीती खोटी नव्हती. चौदा दिवस यंत्राने श्वास दिलेल्या माणसाला हवा पुरत नाही असे वाटणे ही त्या आजाराचीच खूण आहे. काकूंना मी सांगितले की, नळी लावायची तर लावा, पण लावण्याआधीचा आकडा कॉपीत लिहा. पुढच्या महिन्यात तशा चौदा नोंदी होत्या, त्यांतली एकही ९३ च्या खाली नव्हती, आणि दोघांनी त्या एकत्र बसून वाचल्या. माझ्या समजावण्यापेक्षा त्या नोंदींनी अधिक काम केले.

फिजिओथेरपी आठवड्यातून तीन दिवस होती: खुर्चीतून उठणे-बसणे, जिन्याच्या दोन पायऱ्या, मग ओटा, मग गल्लीचे टोक. आहारात दूध, डाळी आणि अंडी वाढवली. अंड्यांवरून घरात थोडी चर्चा झाली, पण ती स्वीकारली गेली. डिसेंबरमध्ये काका मुलीबरोबर अन्नपूर्णा मंदिरापर्यंत रिक्षाने जाऊन आत पायी फिरले. जानेवारी २०२५ मध्ये सहा मिनिटांचे अंतर ३४५ मीटर झाले, नीचांक ९०. व्यायामापुरता ऑक्सिजनही मग थांबवला. मार्चमध्ये डीएलसीओ ६७ टक्क्यांवर आले.

स्मृतीची वाटचाल तितकी चांगली नाही. मोका चाचणीत आता २४ गुण मिळतात. नवे श्रवणयंत्र घेतले आहे, औषधांसाठी वारांचे खण असलेली डबी आहे, आणि मुलीने किराण्याचा हिशेब पुन्हा त्यांच्याकडे दिला आहे. आकडे चुकतात तेव्हा त्यांना कळते की चुकले आहे, पण कुठे चुकले ते शोधता येत नाही, आणि याचे दुःख त्यांना धापेपेक्षा जास्त आहे. मुलगा दिवाळीत येऊन मला भेटला. त्याने पुन्हा विचारले की, ते २१० कमी केले असते तर? मी त्याला आधी सांगितले तेच सांगितले. या वेळी त्याची बहीण शेजारी बसली होती आणि तिने त्या पाच तासांचा विषय स्वतःहून काढला. दोघांनी एकमेकांचे बोलणे पूर्ण ऐकून घेतले, हे मी पहिल्यांदाच पाहिले.

२०२५ च्या गणेशोत्सवात काकांनी जमाखर्च लिहिला, शेजारच्या एका तरुणाला बरोबर घेऊन. प्रत्येक पानाची बेरीज तो पुन्हा तपासत होता. घरच्या आरतीला निरांजन देवघरातच लावले होते. कॉन्सन्ट्रेटर पुसून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर ठेवले आहे. ते विकून टाकावे असे मुलीने सुचवले, काकू नको म्हणाल्या, आणि मीही आग्रह धरला नाही.